पंधरा दिवसांनी तेच प्रश्न

व्यायामशाळेच्या दारात माझ्या हातातले फॉर्म सांडले. ते गोळा करायला जो वाकला, त्याचे दंड पाहून मी आभार मानायचेच विसरले!

"कसले कागद?" त्यानं विचारलं. तो तिथला ट्रेनर होता.

"पुरुषांना आपलं शरीर किती किरकोळ वाटतं, ते मोजायचंय. प्रश्नावली परदेशातली आहे. आपल्याकडच्या पुरुषांना लागू पडते का, ते माझ्या प्रबंधासाठी बघतेय."

"मग चुकीच्या माणसाला धरलंत," तो हसला.

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यानं फॉर्म भरला. शर्ट काढायची लाज वाटते? नेहमी. व्यायाम बुडेल म्हणून माणसांना टाळता? पेन जरा थबकलं... नेहमी.

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. उत्तरं तीच आली, तर प्रश्नावली भरवशाची. तोवर मी लांब राहायला हवं होतं. कसली राहतेय! तो रोज मला बसस्टॉपपर्यंत सोडायचा, डब्यातली उकडलेली अंडी खात.

"तुमच्या फॉर्ममध्ये प्रेमाचा प्रश्न नाही?"

"असता तर काय लिहिलं असतंत?"

"कधी कधी."

"कधी कधी?"

"बरं बाई — नेहमी! डोळे वटारू नका."

मी हवेतच होते. रविवारी आईनं त्याला जेवायला बोलावलं. तीन वाजेपर्यंत आम्ही ताटं मांडून बसलो. तो आला नाही.

"एवढा धडधाकट मुलगा," आई म्हणाली, "त्याला झालंय तरी काय?"

पंधराव्या दिवशी त्यानं फॉर्म भरला. एक तरी उत्तर बदलू दे, म्हणून मी देवाला विनवत होते. एकही बदललं नाही.

"कोपऱ्यापर्यंत आलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "दुकानाच्या काचेत दिसलो... एवढासा. तुमच्या आईसमोर कुठल्या तोंडानं बसणार? परत फिरलो आणि व्यायाम केला."

"अरे, माझं प्रेम आहे तुझ्यावर! मला दिसतोस ना तू, चांगला दिसतोस!"

"तुला दिसतो गं," तो फॉर्म माझ्या हातात देत म्हणाला. "मला नाही दिसत. तू नको थांबूस माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी चाळीस जणांचे फॉर्म ताडून पाहिले. त्याचे दोन्ही फॉर्म त्यांनी कौतुकानं वर धरले.

"हे बघ, तंतोतंत! एक उत्तर हललं नाही. शाबास, पोरी, पक्कं काम केलंस."

मी "हो सर" म्हणाले आणि त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले.