पडवळ कोणी खाल्लं

सगळ्यात जहाल जे असेल ते द्या, असं मी दुकानदाराला तमिळमध्ये सांगत होते. बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान, भर दुपार, बाहेर ऐप्पसी महिन्याचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा पाऊस. त्यानं विचारलं, किडा कुठला? मी म्हटलं, मला काय ठाऊक, सगळे मरतील असं द्या.

तेव्हा मागून आवाज आला. तमिळमध्येच. फार नम्र, म्हणून जास्तच चीड आणणारा.

"भाजी खायची आहे, की नुसती बघायची?"

मी वळले. एक उंच, भिजलेला माणूस. हातात मिटलेली छत्री, आणि तिच्या टोकातून पाणी थेट माझ्या पावलावर. चष्म्यावर थेंब. थेंबांच्या मागे डोळे — पण ते मी नंतर पाहिले.

आम्हा तंजावरी मराठी लोकांची एक खोड आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यामुळे बाजारात कुणाला शिवी द्यायची झाली, तर आम्ही ती मराठीत देतो. तोंडावर, हसत हसत. समोरच्याला वाटतं, पोरगी काहीतरी गोड बोलली. घरच्या बायकांकडून वारशानं आलेला हा एकच हक्क, जो कुणी काढून घेतलेला नाही.

मी गोड हसले. म्हटलं, "तुज कोणी विचारलं रे मेल्या? भिजल्या घुबडासारखा उभा राहून अक्कल शिकवतोस."

त्यानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला सावकाश पुसला. परत घातला.

"घुबड बरं असतं हो," तो म्हणाला — मराठीत, आमच्याच मराठीत. "उंदीर खातं."

दुकानदार आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. माझे कान तापले. पण मी माफी मागितली नाही, ती मला येत नाही. मी नुसतं म्हटलं, "मग चला. माझे वेल कोण खातंय ते सांगा. नाही सांगता आलं तर घुबडसुद्धा म्हणणार नाही."

त्याचं नाव मुरली. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात किड्यांवर काम करायचा. भातावरच्या किड्यांवर, हे त्यानं आमच्या दाराशी आल्यावर सांगितलं. भाजीतलं त्याला फारसं कळत नव्हतं. मग दुकानात एवढा तोरा कसला, मी विचारलं. तो म्हणाला, तोरा नाही, भीती वाटली... तुम्ही ती बाटली रागानं मागत होता, आणि रागानं आणलेलं औषध माणूस दुप्पट ओततो.

हे खरं होतं. मी रागात होते. त्या वर्षी मी दुसरं काहीच नव्हते.

अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध तोंडावर. मी त्यांची एकुलती मुलगी, आणि पिंड देणार माझे काका, स्वामीनाथ. कारण मी मुलगी. आजारपणात अप्पांना उचलून बसवायला हे हात चालले, पिंडाला चालत नाहीत. यावर मला कुणीही काहीही समजावलं तरी ते मला पटलेलं नाही, पुढंही पटणार नाही. पण भांडून आईला अजून रडवायचं नव्हतं. म्हणून मी ठरवलं — पानावरची भाजी माझी. श्राद्धाला बटाटा, टोमॅटो, कोबी चालत नाही. जुन्या देशी भाज्याच लागतात. अप्पांनी मागे परसात लावलेल्या वेलांचं बी डब्यात होतं. कारली, घेवडा आणि पडवळ. पडवळ म्हणजे अप्पांचा जीव. मी चेन्नईची नोकरी सोडून आले होते, बी पेरलं होतं, मांडव बांधला होता. अप्पांच्या पानावर त्यांच्याच वेलाचं पडवळ पडणार होतं. पिंड काकांचा, घास माझा.

आणि ते कोणीतरी खात होतं.

मुरलीनं आधी काहीच केलं नाही. मांडवाखाली मान वाकवून नुसता उभा राहिला. आई खिडकीतून बघत होती. मग त्यानं पडवळाचं एक फाटकं पान तोडलं, उजेडाकडे धरलं आणि मला जवळ बोलावलं.

"किडा शोधू नका. आधी त्याचं जेवण बघा. जेवणावरून जेवणारा कळतो."

एका पानामागून आम्ही दोघं आकाश बघत होतो. पानाच्या कडा वेड्यावाकड्या खाल्लेल्या, खालच्या पानावर काळ्या बारीक लेंड्या. तो म्हणाला, ही अळी. उलटं करून बघा. मी बघितलं, काही नव्हतं. त्यानं माझं बोट धरलं — अगदी नकळत धरल्यासारखं — आणि देठाशी नेलं. देठ हलला. हिरवीगार उंटअळी, पाठीची कमान करून चालणारी.

"ही हातानं उचलायची. बाटली नको."

"बोट सोडलं तर उचलेन."

त्यानं बोट सोडलं. लाल झाला. अळीसुद्धा घाबरून खाली पडली.

मग तो कामावरून सुटला की यायला लागला. पोटाला चिखल लागलेली मोटारसायकल दाराशी लावायचा, आई कॉफीचा पेला आणि खालची वाटी, दबरा, पुढे करायची, आणि कुठल्या गावचे, कोणाचे, असं विचारत त्याचं सगळं खानदान काढायची. इन्नंबूरला त्यांची थोडी शेती, आजोबा तंजावरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे... आईला समाधान. मला काय, मी किडे शिकत होते. पानाला अगदी गोल, कंपासनं कापल्यासारखा तुकडा गेला असेल तर ती पानं कापणारी मधमाशी, ती घरटं बांधायला नेते, तिला काही बोलायचं नाही. पानाची जाळी करून नुसत्या शिरा ठेवल्या असतील तर ठिपक्यांचा भुंगेरा. सकाळी चकाकणारी रेघ दिसली तर गोगलगाय. कारल्याला बारीक टोचा आणि भोवती पिवळं पडलेलं, तर फळमाशी. आत अळ्या झाल्याच म्हणून समजा. ते कारलं मातीत खोल पुरायचं. बाकीच्यांना कागदाच्या पिशव्या घालायच्या. मी घातल्या. आई म्हणाली, कारल्यांना अंगरखे शिवतेस, स्वतःला एक चांगली साडी घेत नाहीस.

घेवड्यावर मी मोठी चूक केली होती. शेंड्यांवर मावा चिकटलेला, काळा, चिकट. आणि त्यात फिरणारे ओंगळ प्राणी, काळ्या अंगावर नारिंगी डाग, इवल्याशा मगरींसारखे. ते मी रोज वेचून चिरडत होते. मोठ्या जोमानं. मुरलीला अभिमानानं दाखवले.

त्यानं वाकून बघितलं. मग हळूच म्हणाला, "हे ढालकिड्याचं, त्या गोल लाल पाठीच्या किड्याचं पिल्लू. मावा खातं. तुम्ही राखणदार मारत होता... आणि चोर पोसत होता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर मी तेच केलं होतं. जो जवळ आला त्याला बोचकारलं. भेटायला आलेल्या मैत्रिणी, मावश्या, सगळ्या. त्यानं ते वाढवलं नाही. नुसतं एक मगरीचं पिल्लू तळव्यावर घेतलं आणि माझ्या तळव्यावर सोडलं. ते माझ्या हातावरून चालत गेलं, गुदगुल्या करत. मी हसले. खिडकीत आई डोळे पुसत होती. मला वाटलं, धूर.

घेवडा सावरला. कारली धरली. पण पडवळ... पडवळ धरत नव्हतं.

अळ्या संपल्या होत्या, वेल मांडवभर पसरला होता. संध्याकाळी पांढरी झालरीची फुलं उमलायची, सगळं परस घमघमायचं. पण ज्या फुलामागे बोटाएवढं पडवळ असतं, तेवढीच सकाळी नाहीशी. बाकीची जशीच्या तशी. असा निवडून खाणारा किडा कुठला?

एकदा मुरली सकाळी आडुतुरैला जाण्याआधी लवकर आला, मी आंघोळीला गेले असताना. बाहेर आले तर तो मांडवाखाली पाठमोरा, आणि आई विहिरीपाशी. दोघं गप्प. मी विचारलं, सापडला?

"उंदीर," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "उंदीरच आहे."

त्यानं पिंजरा आणला. खोबऱ्याचा तुकडा लावला. खोबरं सुकलं, उंदीर आला नाही. फुलं जातच राहिली. श्राद्ध जवळ येत होतं आणि हा माणूस, ज्याला पानावरच्या ओरखड्यावरून भुंगेऱ्याची जात कळायची, तो रोज येऊन पिंजऱ्यातलं खोबरं बदलायचा आणि म्हणायचा, उंदीर फार हुशार आहे. मी चिडले. म्हटलं, भातातच राहा तुम्ही. तो हसला, नेहमीसारखा नाही. कसनुसा.

मग मी त्यानं शिकवलं तेच केलं. जेवण बघितलं.

देठ हातात घेतला. दातांचे व्रण नाहीत. लेंड्या नाहीत. चिकट रेघ नाही. एकच सरळ, स्वच्छ खूड, आणि तिच्या कडेला चंद्रकोरीसारखी बारीक खूण.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी देठ त्याच्यापुढे धरला.

"हे नख आहे."

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुला ठाऊक होतं." मी पहिल्यांदाच त्याला तू म्हटलं, आणि ते लाडानं नव्हतं. "मज वेडी ठरवून उंदीर पकडत बसलास?"

"त्याला काही बोलू नकोस गे," आई मागून म्हणाली. "मी सांगितलं म्हणून बोलला नाही तो."

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. पदराच्या गाठीत सकाळची फुलं तशीच बांधलेली. इवलीशी पडवळं सुकून दोऱ्यासारखी झालेली.

आई सावकाश सांगू लागली. आजी-आजोबांचं करायला अप्पा काशी-गयेला गेले होते, मी शाळेत असताना. गयेला काहीतरी सोडून यावं लागतं — एखादी भाजी, एखादं फळ. ते पुन्हा आयुष्यात खायचं नाही. पुष्कळ लोक नावडतं सोडतात आणि मोकळे होतात. अप्पांनी सर्वांत आवडतं सोडलं.

"पडवळ," आई म्हणाली. "तुजसाठी लावायचे दरवर्षी. त्यांनी तोंडात घातलं नाही परत."

मला अप्पांचं पान दिसलं. पडवळाच्या कूटाचं, डाळ घातलेल्या भाजीचं, भांडं माझ्याकडे सरकवणारा हात. मला नको, तू खा. मी समजत होते, त्यांचं पोट भरलंय. इतकी वर्षं... माझ्या लक्षातच आलं नाही.

जे त्यांनी सोडलं, तेच मी त्यांच्या पानावर वाढायला निघाले होते.

"मग मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज फुटला.

"वेल लावल्यापासून तू दोन घास जेवायला लागलीस," आई म्हणाली. "मी कोणत्या तोंडानं सांगू?"

रागवायला कुणीच उरलं नाही. वर्षभर माझ्याजवळ राग होता, आता तोही गेला. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले आणि रडले. वर्षात पहिल्यांदा. मुरली निघून गेला नाही, जवळही आला नाही. त्यानं पिंजरा उचलला, खोबऱ्याचा तुकडा काढला, आणि पिंजरा मोटारसायकलला बांधून परत येऊन पायरीवर बसला. नुसता बसला. त्या दिवशी मला बाकी काहीच नको होतं.

श्राद्धाला कारली गेली आणि घेवडा गेला. टोपली मी काकांच्या हातात दिली. त्यांनी एक शेंग उचलून वास घेतला आणि विचारलं, "अण्णाचा वेल?" अप्पा त्यांचे थोरले भाऊ, म्हणून अण्णा. मी मान हलवली. काकांनी टोपली भटजींच्या पुढ्यात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही भाजी पोरीनं पिकवलेली आहे. आधी हिचं नाव घ्या." भटजींनी भुवया चढवल्या. काकांनी बघितलंच नाही तिकडे. मला अजूनही पिंड देता आला नाही, आणि ते अजूनही चूकच आहे. पण कावळ्यानं भाताआधी घेवडा उचलला. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुरली आला. आई आता फुलांना हात लावत नव्हती, म्हणून वेलाला पहिलं पडवळ लोंबत होतं, टोकाकडे वाकडं होणारं. ते सरळ वाढावं म्हणून टोकाला खडा बांधतात. त्यानं पडवळ धरलं, मी दोरा बांधत होते. बोटं बोटांना लागत होती. दोरा सुटत होता. मला वाटतं, तो दोघांनाही बांधायचा नव्हता.

"तुला पडवळ आवडतं?" मी विचारलं.

"आवडतं."

"मग पुढंमागं गयेला गेलास की हेच सोडशील."

"सर्वांत आवडतं सोडायचं असतं ना?"

"अप्पांनी सोडलं."

तो गाठीकडे बघत राहिला. चष्मा नाकावर घसरलेला. त्यामागचे डोळे मी आता नीट बघितले... पिंगट, थकलेले, आणि भलतेच खरे.

"मग मी तिथं खोटं बोलेन," तो म्हणाला. "पडवळच सर्वांत आवडतं म्हणेन. जे खरं आवडतं, त्याचं नाव घेणार नाही."

"भटजींसमोर खोटं?"

"तुज उंदीर म्हणून सांगितलं. त्यापेक्षा कठीण आहे का?"

मी गाठ पक्की बांधली. खडा हलला, पडवळ सरळ झालं. आत आई कॉफी ओतत असल्याचा आवाज येत होता, आणि ती मुद्दामच वेळ लावत होती.

"घुबडा," मी म्हटलं, आमच्या मराठीत, त्याला पुरतं कळेल असं. "उद्या लवकर ये. फुलं मोजू."