पडद्यापलीकडची मोजणी

"पलीकडे न्यायचे किती घेणार?" तिनं होडीतल्या माणसाला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फाइलची पिशवी त्याच्या हातात दिली.

पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, डोक्यावर रंग उडालेली टोपी, हातात ओला दोर... आता असा माणूस नावाडी नसेल तर कोण असेल, तुम्हीच सांगा! त्यानं पिशवी घेतली, कोरड्या फळीवर नीट ठेवली आणि म्हणाला, "फार नाही. तुमच्या सरकारचा तिसरा वाटा."

तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणजे हाच तो... पलीकडच्या काठावरच्या नदी खात्याचा निरीक्षक! ज्याच्या लांबलचक पत्रांना तिनं गेले सहा महिने दोन ओळींची कोरडी उत्तरं धाडली होती, तोच.

"माफ करा हं... मला वाटलं—"

"वाटू द्या की. नावाडी म्हटलंत तर माझा मानच वाढला. खरी नावाडी ती बघा, माझी आत्या."

इंजिनापाशी बसलेल्या आत्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ये गं, बस. ते टाचांचे बूट काढ आधी, नाहीतर माशांच्या भेटीला तूच पहिली जाशील."

ती आली होती वित्त विभागातून. तिचं काम टिपणी लिहायचं. नदीतले डॉल्फिन जगवण्याचा निधी तिघांचा होता : दोन काठांची दोन सरकारं आणि खाली हेच पाणी पिणाऱ्या शहराची पालिका. तिघांनी सारखा वाटा टाकायचा. एकानं हात आखडला की उरलेल्या दोघांचे पैसेही परत, असा करार. आणि या वर्षी तिच्या साहेबांचा हात आखडत चालला होता. "तिथं काही उरलंय तरी का, ते डोळ्यांनी बघून या," ते म्हणाले होते, "आणि परवापर्यंत टिपणी द्या."

टिपणी 'नको' अशी गेली असती तर ही होडी बंद, जाळी कापावी लागलेल्या कोळ्यांची भरपाई बंद, आणि या टोपीवाल्याची बदली कुठल्यातरी गोदामावर. खरं सांगायचं तर तिलाही वाटत होतं, ही टिपणी 'नको' अशीच जाणार. सहा वर्षांच्या नोकरीत तिनं एकही डॉल्फिन पाहिला नव्हता. पाहिली होती ती फक्त त्यांच्या नावानं आलेली पत्रं.

होडीच्या बरोबर मध्यावर एक दोरी बांधलेली आणि दोरीवर निळी ताडपत्री लटकवलेली.

"हे काय आता?"

"पडदा. पुढे तुम्ही, मागे मी. एक माणूस तुमच्या सरकारचा, एक आमचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दिसला की वेळ आणि संख्या लिहायची. शेवटी आत्या दोन्ही कागद मोठ्यानं वाचते. जुळले तर मोजणी खरी, नाहीतर पुन्हा फेरी."

"एवढाही विश्वास नाही एकमेकांवर?"

"आहे हो! पण मी खोकलो आणि तुम्ही घाईनं काहीतरी लिहिलंत, तर मोजला कोण जाईल? माझा खोकला."

तिला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण त्यानं पाहिलंच.

निघण्याआधी त्यानं एक काळी वायर पाण्यात सोडली. तिच्या टोकाला पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र होतं आणि हेडफोन एकच. त्यानं एक कान आपल्या कानाला लावला, दुसरा वळवून तिच्यापुढे धरला. वायर आखूड. दोघांना डोकं अगदी जवळ आणावं लागलं... तिला त्याच्या टोपीला आलेला नदीचा वास आला.

आधी नुसतीच घरघर. मग... टिक. टिक. टिकटिकटिकटिक...

"हा तो?" तिनं श्वास रोखून विचारलं.

"हाच. याला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजातून सगळी नदी बघतो. आत्ता तो आपल्या होडीचा तळ बघतोय."

"आणि मला?"

"तुम्हाला बघायला... वर दुसरी माणसं आहेत ना."

म्हणाला खरा, पण लगेच वायर गुंडाळायला लागला, आणि ती तीनदा उलटी गुंडाळली. आत्या इंजिनावर उगाच फडकं मारत राहिली. इकडे हिच्या हातांवर मात्र शहारा आला होता. त्या पाण्याखाली कुणीतरी आंधळेपणानं त्यांना न्याहाळत होतं, आणि ती सहा वर्षं या नदीच्या पुलावरून बसनं ऑफिसला जात होती!

होडी निघाली. जुन्या पुलापासून वाळूच्या बेटापर्यंत फेरी. सकाळचं तिरपं ऊन, चहाच्या रंगाचं पाणी. लांबवर एक करडी पाठ वर आली, ती झटकन नोंदवली : सात वाजून दहा, एक. मग सात एकोणीस, दोन. आपल्याला बरंच जमतंय की, असं तिला वाटलं.

तिसऱ्या वळणावर, होडीपासून हातभर अंतरावर, पाणी फुगलं.

फुस्स!

एक लांब, निमुळती चोच... मागोमाग गुळगुळीत पाठ. आणि त्या पाठीला खेटून दुसरी, इवलीशी. पिल्लाला अजून श्वास घेणं धड जमत नव्हतं. ते चोच वर काढायचं, कलंडायचं, आणि आई खालून त्याला अलगद उचलून धरायची. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पिल्लानं एकट्यानं श्वास घेतला... फुस्स! थेंब उडाले ते थेट तिच्या गालावर. आईची डोळ्याच्या जागची बारीकशी खाच तिला स्पष्ट दिसली.

ती बघतच राहिली. एवढा मोठा जीव, त्याला ना काठ माहीत, ना सरकार, ना परवाची तारीख. आणि त्याचं जगणं आपल्या पिशवीतल्या एका कागदावर येऊन अडलंय! तिचे डोळे भरून आले. किती वेळ गेला, किती पाठी वर आल्या, तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

होडी बेटाला लागली. आत्यानं कागद मागितले. त्याच्या कागदावर चौदा. तिच्यावर तीन आणि त्याखाली पाण्याचे डाग.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "झोपलीस का काय?"

"नाही हो... मी बघत होते." ती रडकुंडीला आली. "लिहायचंच राहून गेलं."

आत्यानं इकडे तिकडे पाहिलं. बेटावर चार बगळ्यांखेरीज कुणी नव्हतं. "मग त्याच्या कागदावरून उतरव. कोण बघतंय इथं? गेल्या वर्षी एक माझ्या जाळ्यात अडकला. जाळं उभं कापून सोडला मी त्याला. नवं जाळं याच पैशांतून आलं. तो पैसा बंद झाला तर पुढच्या वेळी कोण कापेल गं?"

तिनं पेन उचललं. हो, उचललं! दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यानं आपल्या कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"अरे, वेड लागलं का तुला?" आत्या ओरडली.

"त्यांनी उतरवलं तर तो माझाच आकडा दोनदा होईल, आत्या. मग नदीत खरोखर चौदा आहेत, यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

"तुमची बदली होईल!" आता तीही चिडून म्हणाली. "ते पिल्लू... तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं." तो पाण्याकडे बघत होता. "फार वाटतं. पुन्हा फेरी उद्या सकाळच्या उन्हातच घेता येईल. तुम्ही... थांबाल?"

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, माझा कागद जवळजवळ कोरा आहे."

"मग दिसलं नाही असं लिहा आणि फाइल बंद करा."

"दिसलं, साहेब. म्हणून तर कोरा आहे."

"उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. "आणि उद्याचा दिवस तुमची रजा धरली जाईल."

ती रात्र तिनं धक्क्याजवळच्या विश्रामगृहात कूस बदलत काढली. उद्या ते वरच आले नाहीत तर? नदी काय कुणाच्या तारखेला बांधलेली असते!

दुसऱ्या दिवशी तिचे पाय अनवाणी होते आणि डोळे पाण्यावर खिळलेले. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एक पाठ. मग दोन. पडद्याआडून त्याच्या पेन्सिलीची खरखर ऐकू यायला लागली. ती ऐकून आपण लिहिलं तर? म्हणून ती हळूच गुणगुणायला लागली. तिसऱ्या वळणावर ते दोघं, आई आणि पिल्लू, पुन्हा आले. पाण्यावरची नजर न हटवता या वेळी तिनं पेन चालवलं. अक्षर बाकी अगदी कोंबडीच्या पायांसारखं आलं.

बेटावर आत्यानं दोन्ही कागद पुढे धरले. "हिचे तेरा." घसा खाकरला. "आणि याचे... तेरा!" वेळाही जुळल्या. आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पुढचं वाचलं, "शेऱ्यात लिहिलंय, 'वित्त विभागाच्या बाई सतत गुणगुणत होत्या. मोजणीत अडथळा नाही. गोड वाटलं.' हे सरकारी कागदावर का रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "खोडतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "खाडाखोड चालत नाही."

टिपणीला तिनं तेराचा कागद जोडला, आणि तो जवळजवळ कोराही जोडला. खाली लिहिलं : पहिल्या फेरीत पाहण्याच्या नादात नोंद करायची राहिली. चूक माझी. साहेबांनी पाण्याच्या डागांवरून बोट फिरवलं. "स्वतःची चूक फाइलला लावणारं माणूस या खात्यात मी पहिल्यांदा बघतोय," असं पुटपुटत त्यांनी सही केली. तिसरा वाटा मिळाला आणि बाकीचे दोघेही बांधले गेले.

आठ दिवसांनी मंजुरीचं पत्र घेऊन ती धक्क्यावर उतरली. पत्र टपालानंही गेलं असतं, पण ते कशाला!

त्यानं पत्र दोनदा वाचलं. टोपी काढली, पुन्हा घातली. "एक मोजणी राहिलीय," तो अडखळत म्हणाला. "पडदा लावून. दोघांनी आपापलं लिहायचं... मनात असेल ते. बोलायचं नाही."

पडद्याच्या या बाजूला बसून तिनं एकच ओळ लिहिली. पलीकडून पेन्सिलीची खरखर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. या वेळी ती गुणगुणली नाही. ऐकत राहिली.

आत्यानं कागद घेतले. "हिचा. 'तुमच्या काठावरच्या संयुक्त कार्यालयात आमच्या सरकारची एक जागा रिकामी आहे. ती मी मागितली.'" तिनं दुसरा उघडला. "याचा. 'तुमच्या काठावर खोली भाड्यानं घेतली. नदी तिकडूनही मोजता येते.'"

ताडपत्री दोन्ही बाजूंनी एकदमच हलली.

"अरे देवा!" आत्या म्हणाली. "म्हणजे ही इकडे येणार, तू तिकडे जाणार, आणि मधे पुन्हा नदी आहेच! नाही जुळले रे कागद. आता काय नियम?"

"पुन्हा फेरी," दोघं एकदम म्हणाले.

आत्यानं दोरी सोडली. निळी ताडपत्री खाली पडली आणि दोघं समोरासमोर आली. तिचे गाल ओले होते. त्याच्या टोपीचा पत्ता नव्हता.

"खोली सोडून दे," ती म्हणाली. "मीच येते." आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला तू म्हटलं होतं आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"सोडली," तो म्हणाला.

इंजिन सुरू झालं. तिसऱ्या वळणावर, होडीपासून हातभर अंतरावर, पाणी फुगलं. फुस्स! आणि लगेच दुसरं, लहानसं... फुस्स! त्यानं तिचा हात धरला होता आणि दोघं श्वास रोखून बघत होती.

नोंद कुणीच केली नाही.