गुलाबी ब्लँक

तिचा मामा तिला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणायचा. मेडिकल थोडक्यात हुकलं आणि तिने बायोकेमिस्ट्रीला प्रवेश घेतला, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. चार नातेवाईक जमले की कुणीतरी विचारायचंच, “म्हणजे तू नक्की कोण होणार गं?” ती रक्त, साखर, एन्झाइम असं सांगायला लागली की समोरच्याची नजर जेवणाच्या टेबलाकडे वळायची. आई तेवढी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. कळायचं काही नाही, पण ऐकायची. घरात त्या दोघीच होत्या.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि एक रीडिंग राहिलं होतं. ते झालं नाही तर वर्षावर पाणी. म्हणून सुट्टी असूनही ती दुपारी कॉलेजात आली. लॅबवाल्या काकांनी किल्ल्या खुळखुळवत दार उघडून दिलं.

“लवकर आवर हं. मलाही घर आहे.”

“आत्ता आवरते, काका.”

“सगळे असंच म्हणतात,” असं पुटपुटत ते जिन्याकडे गेले.

एरवी त्या लॅबमध्ये धड उभं राहायला जागा नसायची. आज मात्र रिकाम्या स्टुलांच्या रांगा, स्पिरिटचा वास, कोपऱ्यात फ्रिजची घरघर. मध्येच ती घरघर थांबायची आणि मग नळातून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. तिने उगाच एक गाणं गुणगुणून पाहिलं. आवाज फारच मोठा वाटला, म्हणून गप्प बसली.

प्रोजेक्टमधली जोडीदारीण सुई नुसती बघितली तरी घेरी येऊन पडायची. त्यामुळे रक्त नेहमी हिचंच. तिने बोटाला सुई टोचली, रक्त नळीत घेतलं, मशीनमध्ये फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा केला. त्यात औषध मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवायची. साखर असेल तितका गुलाबी रंग चढतो. सोबत एक नळी ‘ब्लँक’ची. तिच्यात रक्ताऐवजी साधं पाणी, बाकी सगळं तेच. रंग मोजणाऱ्या यंत्रात आधी ब्लँक ठेवायची आणि झीरोचं बटण दाबायचं. म्हणजे यंत्राला सांगायचं, बाबा रे, हे म्हणजे काही नाही. याच्याहून जास्त असेल तेवढंच मोज.

मॅडम पहिल्या वर्षापासून बजावत आल्या होत्या, “यंत्राला अक्कल नसते. तुम्ही हत्तीला झीरो म्हणालात तर तेही हत्तीला झीरोच म्हणेल.” वर्ग दर वेळी हसायचा.

तिने नळ्या बाहेर काढून उजेडात धरल्या. ब्लँक गुलाबी झाली होती. रक्ताच्या नळीइतकीच गुलाबी. घाईत थेंब मोजून घालायच्या पिपेटचं टोक बदलायचं राहिलं असणार, आणि टोकातलं तिचं रक्त पाण्यात उतरलं असणार. पुन्हा करावं, तर औषधाच्या बाटलीत तळाशी जेमतेम उरलं होतं. तिने दाराकडे बघितलं. कोण बघतंय? पुढे आकडे थोडे जुळवून घेता येतील, असं म्हणत तिने ती गुलाबी नळी यंत्रात ठेवली आणि झीरो दाबलं.

फ्रिज थांबला. नळाचं ठिबकणंही थांबलं.

मग रक्ताची नळी ठेवली. यंत्राने शून्य दाखवलं. ते साहजिकच होतं, दोन्हीकडे तिचंच रक्त. तिला स्वतःचीच लाज वाटली. असली चोरी तिने कधी केली नव्हती. उरलंसुरलं औषध वापरून नीट करावं म्हणून तिने पुन्हा बोट टोचलं. सुई आत गेलेली दिसली, पण दुखलं नाही. एकदा, दोनदा, खोलवर... काहीच नाही. समोरच्या काचेच्या कपाटात बाटल्या, स्टुलं, खिडकी, सगळं दिसत होतं. ती बसली होती त्या स्टुलावर मात्र कुणीच दिसत नव्हतं.

उजेड तसा पडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

तेवढ्यात दार वाजलं. काका फोनवर बोलत आत आले. “निघालोच. हो, ती पोरगी मघाशीच गेली. मला हात करून गेली की.”

“काका, मी इथेच आहे!”

काकांनी तिच्याकडे, म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं. “दिवे तसेच ठेवून गेली बघ,” ते फोनमध्ये म्हणाले आणि एकेक बटण बंद करत सुटले. काका थट्टेखोर होते. पण थट्टा करताना त्यांच्या मिशा हलायच्या, त्या हलत नव्हत्या.

एकाएकी तिला सगळं लख्ख समजलं. ‘हे म्हणजे काही नाही’ असं तिने यंत्राला स्वतःच्याच रक्ताबद्दल सांगितलं होतं. साध्या पाण्याने पुन्हा झीरो लावायला हवा! तिने धडपडत एक नळी पाण्याने भरली, यंत्रात घातली, बटणाकडे बोट नेलं... आणि यंत्राचा दिवा विझला. काकांनी तेही बंद केलं होतं.

मग मघाशी हात करून गेलं ते कोण?

तिने घरी फोन लावला. आईने उचलला. “आई, ऐक, मी कॉलेजातच आहे...”

“हं, बोल गं,” आई म्हणाली.

तिला रडूच फुटलं. “आई, दार लावून घे. कुणालाही...”

“झालं का काम? बरं झालं बाई.” आई थांबली, काहीतरी ऐकल्यासारखी. मग हसली. “हो हो, कळलं. कोपऱ्यावर पोचलीस ना? ये मग. दार उघडंच ठेवते.”

फोन बंद झाला.

काका कुलूप हातात घेऊन दारात उभे होते. आत राहिली असती तर यंत्र पुन्हा सुरू करता आलं असतं, झीरो नीट लावता आला असता. तिने एकदा मागे वळून यंत्राच्या विझलेल्या पडद्याकडे बघितलं. पण घरी आई एकटी होती. काकांच्या बगलेखालून ती बाहेर निसटली. काकांनी नुसती कॉलर वर ओढली, वारा लागल्यासारखी.

रस्ताभर ती धावली. माणसं बाजूला होत नव्हती. तीच सगळ्यांना चुकवत राहिली. संध्याकाळ झाली होती आणि घराच्या खिडकीत दिवा लागला होता. दार सताड उघडं होतं.

आई उंबऱ्याशी आली. तिच्या अगदी समोर. श्वास जाणवेल इतकी जवळ.

“आई... मी. आई गं, माझ्याकडे बघ ना.”

आतून तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “आई, कोण आहे?”

आईने बाहेर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “कुणी नाही गं,” ती म्हणाली आणि दार लोटलं. आतून कडी लागली.

ती दोन्ही मुठींनी दार बडवत राहिली. एकही आवाज उठला नाही. आतलं मात्र सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. खुर्ची सरकली, ड्रॉवर उघडला, पट्टीचा कागद फाटला.

“दाखव ते बोट. किती वेळा टोचून घेतेस गं स्वतःला...”

मग आईचा आवाज हळू झाला.

“अगं, यातून हे नुसतं पाणीच कसं येतंय?”