दहाच्या नोटेवरची होडी

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रविवार होता, आणि माझ्या बायकोने, ज्युलीने, मला अर्नाळ्याला सुके बोंबील आणायला पिटाळलं होतं. निघताना तिने बजावलं होतं, "फक्त बोंबील आण. वाटेत कोणाच्या कपाटात डोकं घालू नकोस."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो, आणि उरलेल्या वेळात जुन्या नोटा तपासतो. लोक सोनं घेतात, जागा घेतात, मी कागद घेतो. आमच्या वटारच्या घरात कपड्यांचं एक कपाट आहे आणि नोटांची दोन. नोट चिमट्याने उचलायची, तिच्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही, हे माझे नियम टिफनीला, म्हणजे माझ्या मुलीला, बालवाडीपासून पाठ आहेत. तिच्या पुढच्या शिक्षणाची सोय या अल्बममध्ये आहे असं मी सगळ्यांना सांगायचो. ज्युली म्हणायची, "हो, आणि माझ्या म्हातारपणाचीही. चिमट्याने उचल मला."

बोंबील घ्यायचे ते यमुनामावशीकडून. बाजारात कितीही स्वस्त मिळोत, आमच्या घरचा हा रिवाज. चाळीस वर्षं ती टोपली घेऊन वटारला यायची. माझी आई आल्बिना आणि ती पायरीवर बसून तासभर गप्पा मारायच्या, आणि जाताना माझ्या हातावर एक जास्तीचा बोंबील पडायचा. आई गेली त्या दिवशी मावशी टोपलीशिवाय आली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी नुसती बसून राहिली. ते मी विसरलेलो नाही. विसरलो नव्हतो, आणि तरीही पुढे जे केलं ते केलं, म्हणून तर ही गोष्ट तुम्हाला सांगतोय.

आता तिने ऐंशी ओलांडली होती. धंदा मुलगा देवेंद्र बघायचा. ती वाळत घातलेल्या मासळीच्या बाजूला ओट्यावर बसलेली असायची. मला बघून तिने हाताने जवळ बोलावलं आणि कमरेच्या पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली.

"पोरा, तू कागद टिकवतोस ना? बघ, माझं विरत चाललंय."

डबीत चार घड्या घातलेली दहाची जुनी नोट होती. आकाराने मोठी, पाठीवर शिडाची होडी असलेली. हल्लीच्या मुलांनी ती पाहिलेली नसेल, पण माझ्याकडे तशा तीस-चाळीस आहेत. घडीवर ती फाटायला आली होती, आणि ओलसर होती. उन्हात बसलेल्या बाईच्या, बंद डबीतल्या नोटेला खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता.

"आमच्या घरवाल्याने दिलेली. पहिल्या कमाईतली. म्हनला, ही आपली होडी, खर्चू नको. नारळी पुनव झाली, होड्या लोटल्या, आनि त्याच फेरीत तो गेला. पन्नास-पंचावन वर्सं झाली."

"टिकवून देतो की, मावशी. चारेक दिवस लागतील."

"चार दिवस?" तिने समुद्राकडे पाहिलं. "चालवून घेईन. त्याला सांगते तसं."

मी ते हसण्यावारी नेलं. म्हातारी माणसं बोलतात असं. बोलता बोलता दिवेलागण होत आली. तिने एका ग्लासात कोरा चहा ओतून उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि मी मासळीची पिशवी स्कूटरला अडकवली. मागे वळून पाहिलं तेव्हा ग्लास रिकामा होता. मावशी जागची हललेली नव्हती. मांजराने लवंडला असेल, असं मी त्या वेळी म्हटलं.

घरी येऊन मी दिव्याखाली नोट उलगडली. पुढची बाजू पाहिली आणि चिमटा हातातून पडला. नंबराचे सहाच्या सहा आकडे सात होते. आमच्या भाषेत याला सॉलिड नंबर म्हणतात. आयुष्यभर अल्बम चाळणाऱ्यांनाही तो बघायला मिळत नाही. कागद फाटका असला तरी अशा नंबराला गिऱ्हाईक रांग लावतं. मी ज्युलीला अंदाजाची किंमत सांगितली. थट्टा करायचं सोडून ती खुर्चीत बसली.

"पण ती मावशीची आहे," ती म्हणाली.

"मावशीला होडीवाली नोट हवी. होडी काय, माझ्याकडच्या तसल्या प्रत्येक नोटेवर आहे."

मी माझ्याच अल्बममधून गव्हर्नरच्या त्याच सहीची, त्याच काळातली, करकरीत नोट काढली. तिला चार घड्या घातल्या. जीवावर आलं होतं, पण घातल्या. आणि सातांची नोट कुरियरने ग्रेडिंगला पाठवून दिली. तिथे नोट तपासून, तिचा दर्जा ठरवून, कडक प्लास्टिकच्या चौकटीत चारही बाजूंनी कायमची बंद करून देतात. चौकट तोडली तरच नोट बाहेर निघते, आणि तोडली की त्या ग्रेडला काडीचा अर्थ राहत नाही.

चौथ्या दिवशी मी अर्नाळ्याला गेलो. मावशीने नोट हातात घेतली. नंबराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ उलटी केली. आम्ही संग्रह करणारे नंबर बघतो, सही बघतो, कागद बघतो. मागचं चित्र एवढं निरखून बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

बराच वेळ ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ही रिकामी हाय."

"काय?"

"होडी. यात कोन नाय, पोरा."

तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण जीभ सुटली ती सुटलीच. "साफ केली ना, मावशी. दाबून इस्त्री केली. म्हणून वेगळी वाटते."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "आनलीस, बरं केलंस," एवढंच म्हणाली आणि चहा ओतून बाहेर ठेवला. मी मुद्दाम थांबलो. अंधारून आलं, वारा पडला, चहावर साय यावी तशी धूळ बसली. ग्लास भरलेलाच राहिला. शेवटी तिने तो उचलला, चहा वाळूवर ओतला आणि पाठ फिरवून आत गेली.

महिन्याभरात मी आणखी दोनदा गेलो. ती ओट्यावर दिसली नाही. देवेंद्र म्हणाला, "जेवत नाय. संध्याकाळी चहा तेवढा करते नि स्वतःच फेकते."

मग एका बुधवारी चौकट आली. सहाच्या सहा सात झळकत होते. मी ती कपाटावर उभी करून ठेवली आणि शेजारच्या दोघांना बोलावून दाखवली. संध्याकाळी चर्चची घंटा झाली, ज्युलीने दिवा लावला, आणि मी चौकट आत ठेवायला उचलली. आतून प्लास्टिकवर वाफ धरली होती.

बंद काचेवर तोंड लावून श्वास सोडल्यावर धरते, तेवढीच गोल वाफ. ती विरली. मग परत धरली. परत विरली.

दमट हवा, असं म्हणून मी कपाट लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कपाटातून टक् टक् असा आवाज आला. नखाने प्लास्टिकवर मारल्यासारखा, बारीक, दमलेला. घरभर खारा वास सुटला होता. वटारपासून समुद्र काही मैल आहे, एवढा वास इथे कधी येत नाही. ज्युलीनेच कपाट उघडलं. चौकटीच्या तळाशी पाणी जमलं होतं, करंगळीच्या पेराएवढं. वाफेचा गोल कालच्यापेक्षा लहान होता.

"क्लेमेंट..." ती म्हणाली. "हे आत कोण श्वास घेतंय?"

मी भिंग आणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या नोटेची पाठ मी नीट पाहिली. होडीत एक माणूस उभा होता. शिडाच्या दोरीला धरून नव्हता. दोन्ही हात वर करून, तळवे पुढे टेकवून... माझ्या बाजूला. माझ्या बाकीच्या होडीवाल्या नोटांवर कुठेच माणूस नव्हता. ती सगळी रात्र मी एकेक काढून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दुपारभर चौकटीसमोर बसून होतो. खरं सांगू? तेव्हाही माझ्या डोक्यात किंमतच घोळत होती. एक दिवस आणखी, गिऱ्हाईक ठरलेलं आहे, एकदा हातातून गेली की आपला संबंध संपला. मग ऊन उतरलं आणि वाफेचा ठिपका उमटला. तिळाएवढा. तो विरला आणि बराच वेळ परत आलाच नाही. मला टोपलीशिवाय आलेली, माझ्या शेजारी बसून राहिलेली मावशी आठवली. मी चौकट शर्टाच्या आत घातली आणि स्कूटरला किक मारली.

अर्नाळ्याला पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. मावशी आत अंथरुणावर होती. मी काही न बोलता चौकट तिच्यापुढे धरली. तिने चित्र पाहिलं आणि ती ताडकन उठून बसली.

"कोयती आन! कोपऱ्यात हाय, आन लवकर!"

मासे कापायच्या कोयतीने मी चौकटीच्या कडेवर घाव घातला. पहिला, दुसरा. तिसऱ्याला प्लास्टिक तडकलं, आणि खोलीत कोणीतरी मोठ्याने श्वास ओढला. बुडता बुडता वर आलेला माणूस ओढतो तसा. माझ्या हातावरून पाणी वाहिलं. दोन ओंजळी भरतील एवढं पाणी, त्या कागदाएवढ्या जागेतून. जमिनीवरून ओघळत ते उंबऱ्याबाहेर गेलं. बोट जिभेला लावलं, तर खारट.

मावशीने नोट पदराला पुसली, छातीशी धरली आणि चुलीकडे गेली. कोरा चहा उकळून तिने ग्लासात ओतला. ग्लास बाहेर ठेवला. आम्ही दोघं आत बसलो. बाहेर काही दिसलं नाही. फक्त चहा खाली खाली जात राहिला, सावकाश, फुंकर मारून पिणाऱ्याच्या घोटाने.

मी तिच्या पायाशी बसून रडलो. सगळं सांगितलं, नंबर, किंमत, खोटी इस्त्री.

"म्हाईत व्हतं," ती म्हणाली. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला. त्या हाताला मासळीचा वास होता आणि मला तो आईच्या हाताइतकाच ओळखीचा. "तू आनशील तेबी म्हाईत व्हतं. आल्बिनाचं पोर हायस तू."

"तो रागावला असेल, मावशी."

तिने दाराकडे कान दिला. मग हसली. "नाय. म्हनतो, तुझ्याकडं येऊन जाईन एकदा. तुझं घर आवडलं त्याला. फक्त हवा नव्हती म्हनतो."

मी हसलो. अंगावर काटा होता, तरी हसलो. माझी करकरीत नोट तिने मला परत दिली. "ही तुझी. कोनाचीच नाय ती."

त्यानंतर मावशी चांगली झाली. ओट्यावर बसू लागली, दर महिन्याला माझ्यासाठी जास्तीचा बोंबील बाजूला काढू लागली. यंदा नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात लोटल्या, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी देवेंद्रचा फोन आला. त्याची आई चहाचा ग्लास ठेवायला उंबऱ्याशी गेली होती, तिथेच बसल्या बसल्या गेली. चेहरा हसरा होता म्हणाला.

काल तो वटारला येऊन पत्र्याची डबी देऊन गेला. "आईने सांगितलं होतं, क्लेमेंटला दे. आणि बंद करून ठेवू नको म्हणावं."

मी चिमटा घेतला नाही. हातानेच नोट उलगडली आणि आधी पाठ पाहिली. होडीत दोघं आहेत. एक उभा, एक बसलेली, डोक्यावर पदर. भिंगाशिवाय दिसतात.

ते बघून मला खूप बरं वाटलं. डोळे पुसले, ज्युलीला दाखवलं, तीही रडली. मग ताडून बघायला म्हणून मी माझी करकरीत नोट शेजारी ठेवली. त्या होडीची एक बाजू दिसते, माझ्या सगळ्याच नोटांवर दिसते तशी. ती तिच्या वाटेने आडवी चालली आहे. मावशीच्या होडीचं तोंड वळलेलं आहे. ती समोर आहे, सरळ माझ्याकडे. सकाळी पाहिली तेव्हा शीड नखाएवढं होतं. दुपारी ते अंगठ्याएवढं झालं.

डबीचं झाकण मी काढून टाकलं आहे. खिडक्या उघड्या आहेत. मघाशी संध्याकाळची चर्चची घंटा झाली, तेव्हा ज्युलीने स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा किती टाकू?"

पुढच्या खोलीत खारा वास यायला लागला होता.

"आपले रोजचे," मी म्हटलं, "आणि दोन कोरे. उंबऱ्याबाहेर ठेव."