बारा शनिवार

चौथ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसून पाना पुसत होता. मी धापा टाकत वर येत होते.

"लिफ्ट सुरू झालीये," तो बाजूला सरकत म्हणाला. "आत्ताच दुरुस्त केली."

"नको... मी जिन्यानेच जाते."

"माझ्या कामावर विश्वास नाही वाटतं?"

"तुमच्या कामावर आहे. लिफ्टवर नाही."

तो हसला. सातव्या मजल्यावर आमची कवळ्या बनवायची लॅब आहे, त्यामुळे माणसाचे दात आधी बघायची मला सवय. त्याचे छान होते. मी तसं बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

"सगळे माझेच आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला गिऱ्हाईक नाही मिळायचं."

त्यानंतर त्या लिफ्टला दर आठवड्याला काही ना काही व्हायला लागलं. निदान तो तसं सांगायचा, आणि माझ्यासोबत तीन मजले चढायचा. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या पायरीवर झालं, कळलंच नाही.

सहा वर्षांपूर्वी मी लिफ्टमध्ये पाऊण तास अडकले होते, तेव्हापासूनची ही भीती. निभत होतं. पण यंदा गुडघ्याने मान टाकली. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले आणि एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी सरळच सांगितलं – वर्तनोपचार, बारा शनिवार. आधी लिफ्टसमोर नुसतं उभं राहायचं, मग आत पाऊल, मग एक मजला. "सुरुवातीला भीती वाढेल. विचार करून कळवा."

विचार मी जिन्यातच केला, त्याच्यापुढे, मोठ्याने. बारा सुट्ट्या जाणार. फी आहेच. घाम, धडधड – तीही मुद्दाम ओढवून घ्यायची. एवढं करून नाही जमलं तर? नाही केलं, तर नोकरी सोडावी लागणार. आणि बहीण राहते अठराव्या मजल्यावर. मला भेटायला बाळाला घेऊन खाली येते. "ताई, त्याला वाटतं मावशी पार्किंगमध्येच राहते," परवा म्हणाली. हसतच म्हणाली... पण मला लागलं.

"तू सांग ना, लिफ्ट पडणार नाही, अडकणार नाही. मग मला उपचारच नको."

"पडणार नाही, हे सांगतो. अडकणार नाही, हे नाही सांगणार. अडकते कधी कधी."

"मग उपचार घेऊ की नको?"

"मला नको विचारूस."

"का?"

तो पान्याशी चाळा करत राहिला. "तू बरी झालीस की जिन्यात मला कोण भेटणार? लिफ्ट तीन आठवडे ठणठणीत आहे. मी उगाच येतोय."

मी तिथेच पायरीवर बसले.

"तरीही घे," तो हळूच म्हणाला. "गुडघा तुझा आहे, भाचाही तुझाच."

मी सुरुवात केली. तो सोबत येतो म्हणाला, तर बाईंनी साफ नाही सांगितलं – तो असला तर धीर त्याचा वाटेल, माझा नाही. तिसऱ्या शनिवारी मी दार मिटायच्या आत रडत बाहेर पळाले आणि सोडूनच द्यायचं ठरवलं. फोनवर त्याने समजूत घातली नाही. नुसतं ऐकलं. चौथ्या शनिवारी मी पुन्हा गेले.

दहाव्या शनिवारी एकटी अठराव्या मजल्यावर पोचले. बहिणीने दार उघडलं आणि बाळाला थेट माझ्या कडेवर दिलं. बाळाने माझी वेणी धरली. मी जिन्यातल्या सोबत्याला फोन लावला.

"पोचले!"

"ताई, कुणाशी बोलतेयस?" बहिणीने विचारलं.

"ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय, त्याच्याशी."

फोन अजून कानालाच होता. पलीकडून तो म्हणाला, "पत्ता पाठव... निघालोच."