लाईटपुरती

शिरसबागेत फोटो काढायची परवानगी कशी मिळते, हे नागपुरातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरला विचारून बघा. आधी तो कपाळाला हात लावेल आणि मग हळूच सांगेल, "दुर्गेशच्या बायकोले पकडा." सक्करदऱ्याच्या अलीकडची ती भोसल्यांच्या काळची बाग. कारंजी केव्हाची आटलेली, पण शिरीषाची झाडं अजून उभी आहेत आणि मधोमध दगडी बारादरी आहे. सकाळचं ऊन तिच्या कमानींतून असं तिरपं आत येतं, की कुठलीही नवरी उजळून निघावी. नुसतं फिरायचं असेल तर तिकीट काढून कुणीही आत जावं. पण मोठा कॅमेरा आणि नवरानवरी घेऊन जायचं तर उद्यान कार्यालयात अर्ज करा, आत कोण कोण येणार त्यांची नावं द्या, ड्रोन उडवणार नाही, रंगीत धूर सोडणार नाही, भिंतीला खिळा सोडाच, पाठसुद्धा टेकवणार नाही, असं लिहून द्या. एवढं सगळं करून गेलात, की साहेब रजेवर!

दुर्गेशच्या बायकोला, उन्नतीला, मात्र ते जमायचं. ती आधी गोड बोलायची. नाही ऐकलं तर तिथंच बाकावर ठाण मांडायची, आणि दुपार झाली की डबा उघडून जेवायलाही कमी करायची नाही. कार्यालयातला मुकुंदबाबू "आल्या का मॅडम छळायले" म्हणत तिचाच अर्ज वर सरकवायचा. धरमपेठेतला आपला स्टुडिओ अर्धा दुर्गेशच्या नजरेवर चालतो आणि अर्धा माझ्या जिभेवर, असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिचं आणखी एक काम होतं, पण ते कुणाला दिसत नसे. नवरीचा मेकअप होईपर्यंत दुर्गेश बारादरीतल्या दगडी बैठकीवर नवरीच्या जागी उन्नतीला बसवायचा आणि उजेड कसा पडतोय ते बघायला चारदोन फोटो काढायचा. काम झालं की पुसून टाकायचा. उन्नतीला त्याचं काही नव्हतं. ती तिथं बसून फोनवर फुलवाल्याशी भांडत असायची. फोटोत ती मुळात वाईटच यायची. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पानोपानी कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसते.

तर दिवाळीनंतरची गोष्ट. लग्नसराई सुरू झाली होती आणि दोघांनाही श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका दुपारी दुर्गेशनं तिला स्टुडिओतून हाक मारली.

"हे पाह्य वं. काय मस्त आली तू!"

पडद्यावर उन्नती होती. बारादरीतली बैठक, रोजचा निळा कुर्ता. हात मांडीवर ठेवलेले, मान किंचित कललेली आणि नजर थेट कॅमेऱ्यात. हसत होती थोडीशी.

"पण मी तं फोनवर बोलून राहिली होती," उन्नती म्हणाली.

"असन. मधात पाह्यलं असन एखाद्या वेळी."

तिला पटलं नाही, पण ती खूश झाली. स्वतःचा इतका छान फोटो समोर असताना कोण कशाला चौकशी करत बसेल! तिनं तो आईला पाठवला, मोठ्या बहिणीला पाठवला, आणि विसरून गेली.

दुर्गेश विसरला नाही. त्यानं तो फोटो पुसला नाही, आणि त्यानंतरचेही पुसले नाहीत. नवरीचे फोटो बाजूला ठेवून तो हेच बघत बसायचा. उन्नती चहा घेऊन आली तर कप हातात घ्यायचा, पण नजर पडद्यावरून हलायची नाही. आपलाच फोटो बघतोय, त्यात वाईट काय मानायचं, असं ती मनाशी म्हणायची. तरी कुठंतरी टोचायचंच. अरे, फोटोतली इथं उभी आहे ना तुझ्यासमोर, चहा घेऊन! तिच्याकडे बघ की जरा!

एकदा जेवताना कशावरून तरी तिचा आवाज चढला. दुर्गेश शांतपणे म्हणाला, "बागेत कशी चूप बसते तू. घरीच काय होते तुले?"

"बागेत मी कधी चूप बसली?"

त्यानं वरण संपवलं आणि ताट उचललं. त्या रात्री उन्नतीनं आरशासमोर उभं राहून मान तशी किंचित कलवून पाहिली. तसं काही जमलं नाही. मग आपण हे काय करतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात ती एका गिऱ्हाइकाचा अर्ज घेऊन कार्यालयात गेली. मुकुंदबाबूनं चष्मा वर केला.

"पुन्हा? आता तुम्ही बाग विकतच घ्या मॅडम. दुर्गेशभाऊ रोजच तं नेऊन राहिले परवानगी. सकाळची."

त्या आठवड्यात बागेतलं एकही काम नव्हतं. सकाळी दुर्गेश 'जिमला चाललो' म्हणून निघायचा. उन्नतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुकुंदबाबूसमोर शोभा कशाला, म्हणून ती हसली. "हो की. मीच विसरली."

रस्त्यावर आली आणि तिला वाटलं, आता रडू फुटतं की काय. कोण असेल? दुसरं कोण, कामिनीच! कामिनी त्यांच्याकडे नवरीमुलींचा मेकअप करायची. दिसायला देखणी, आणि दुर्गेशला 'दुर्गेशजी, दुर्गेशजी' करत लाडात यायची. उन्नतीनं स्कूटी बाजूला घेतली आणि तिथूनच फोन लावला.

"कुठं आहे तू?"

"कन्हानले. कालच आली, मामाच्या पोरीच्या लग्नाले," कामिनी म्हणाली. मागं बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. "बरा केला फोन. मी रागावून आहे तुह्यावर. परवा बागेवरून जाऊन राहिली होती, तं तू बारादरीत बसलेली दिसली. जाळीतून हाका मारल्या. पाह्यलंबी नाही तू! एवढी कायची अकड वं?"

"मी नव्हती."

"आता मले येडी नको बनवू. दुर्गेशजी फोटो काढून राहिले होते तुह्ये. करवतकाठी नेसली होती तू, लग्नातली. खूप गोड दिसत होती, खरंच."

उन्नतीनं फोन ठेवला. तिच्या आजोबांनी स्वतःच्या मागावर विणलेली ती करवतकाठी साडी उमरेडला, आईच्या कपाटात होती. लग्नानंतर तिनं ती नागपूरला आणलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश आंघोळीला गेला, तेव्हा तिनं कॅमेरा हातात घेतला. आत सकाळमागून सकाळ भरलेली होती. तीच बैठक, तेच तिरपं ऊन. आणि उन्नती. मोकळ्या केसांची उन्नती. करवतकाठीतली उन्नती, मांडीवर पदर पसरून बसलेली. तिनं चेहरा मोठा करून पाहिला. हनुवटीवर लहानपणी झोक्यावरून पडल्याचा व्रण होता, तो तिथंच होता. हसताना वर जाणारी एकच भुवई, तीही. आणि त्या नजरेत कुठं घाई नव्हती, चिडचिड नव्हती, फुलवाला नव्हता.

तिनं आईला फोन लावला. "आई, माही करवतकाठी कुठं आहे?"

"कपाटात आहे, कुठं राहीन? कालच तं ऊन दाखवलं तिले. काहून वं?"

दुसरी कुणी असती तर घाबरली असती, देवापुढं दिवा लावून बसली असती. उन्नतीचा मात्र जळफळाट झाला. सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या कुठून उपटणार? आणि तो! आपल्याला बघताना कधी एवढा जीव लावला नाही मेल्यानं. हिच्या कानामागची बट कशी पडलीय, तेवढंच टिपायला चार चार फोटो! उन्नतीला दुसरं काही नको होतं. दुर्गेशनं तसं तिच्याकडे बघावं, एकदा तरी, एवढंच हवं होतं. ते बघणं तिचं होतं आणि ते दुसरीकडे चाललं होतं. बाथरूममध्ये पाणी बंद झालं, तसा तिनं कॅमेरा होता तिथं ठेवला.

त्याच दिवशी बसनं उमरेडला जाऊन ती साडी घेऊन आली. वाटेत कार्यालयात उतरून परवानगीही काढली. नवरीचं नाव काय लिहू, असं मुकुंदबाबूनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "माझंच लिहा." तो हसला. ती हसली नाही.

जेवणं झाल्यावर तिनं कागद दुर्गेशसमोर ठेवला.

"उद्या माझे फोटो काढ. नीट काढ. लाईटपुरते नाही."

दुर्गेशचा चेहरा खुलला. "रोजच तं काढतो," तो म्हणाला. "पण काढू ना, उद्याबी काढू."

सकाळी ती निऱ्या घालत होती, तेव्हा तो परवानगीचा कागद घेऊन पुढं गेला. "मी उजेड पाहतो. तू ये मागून." तिनं सावकाश साडी नेसली. मोगरा मिळाला नाही, म्हणून शेवंतीची वेणी माळली. आरशात पाहिलं. चांगली दिसत होती. खरंच चांगली दिसत होती. ऑटोत बसल्यावर तिनं मान कलवायचा सराव केला. ऑटोवाला आरशातून बघतोय हे लक्षात आलं, तेव्हा थांबली.

बागेच्या फाटकावर शालिकराम होता, नेहमीचा चौकीदार. गेली कित्येक वर्षं तिला सलाम ठोकणारा. आज त्यानं हात आडवा धरला.

"कुठं बाई?"

"शालिकरामभाऊ, मी आहे. दुर्गेश आत गेला ना? परवानगी आहे आमची."

"परवानगीतले दोघंबी गेले आत. साहेब अन् मॅडम. मीच तं गेट उघडलं."

"अहो, मॅडम म्हणजे मीच!"

शालिकराम तिच्याकडे बघत राहिला. चेष्टा करत नव्हता. ओळखायचा मनापासून प्रयत्न करत होता, आणि ते जास्त वाईट होतं. तिनं पर्समधून आधार कार्ड काढून दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"ह्याच तं मॅडम," तो म्हणाला. "ह्याच गेल्या आत. तुमच्यापाशी कसं आलं हे? पडलं होतं का कुठं? मी देऊन देतो त्यांले." आणि त्यानं ते कार्ड आपल्या खिशात टाकलं. "तुमाले फिरायचं असन तं तिकीट काढा ना बाई. फिराले कोणाची मनाई नाही."

उन्नतीनं भांडायला तोंड उघडलं. मग ते मिटून पर्स उघडली. तिनं तिकीट काढलं.

बाग नेहमीसारखी होती. दोन म्हातारे जोरजोरात हात हलवत चालले होते. झाडू मारल्याचा खरखर आवाज येत होता, ओल्या मातीचा वास येत होता. बारादरीच्या पायऱ्यांशी दुर्गेश गुडघा टेकून बसला होता, कॅमेरा डोळ्याला लावून. समोर बैठक होती. बैठकीवर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

कुणी नव्हतं, हे बघून तिला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

"दुर्गेश."

त्यानं वळून पाहिलं. "हो, बोला?" म्हणाला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं हसू तोंडावर होतं.

"आली मी."

"बरं," तो अदबीनं म्हणाला, आणि ती पुढं काही बोलते का याची वाट बघत राहिला.

तिनं त्याला अजून काही म्हणू दिलं नाही. पायऱ्या चढली. पदर सावरला. सरळ जाऊन बैठकीवर बसली, उन्हात, हात मांडीवर ठेवून. मान कलवली. त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर हसली नव्हती तशी.

दुर्गेशनं कॅमेरा खाली घेतला.

"ताई," तो म्हणाला, "तिथं नका बसू ना, प्लीज. तिच्या पदरावर बसून राहिल्या तुम्ही."

उन्नती उठली.

का उठली, कोण जाणे. कुणी असं म्हटलं की माणूस उठतोच. उठून ती खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"थँक यू ताई," तो म्हणाला. पुन्हा गुडघा टेकला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्याचा आवाज अगदी मऊ झाला.

"हां, उन्नती. आता पाह्य माह्याकडे."

तिनं पाहिलं.

कॅमेरा बैठकीकडे होता.