माईकचं तोंड

माईक नवा होता आणि नको इतक्या तिखट कानाचा होता. व्हर्नाने तो कोटांच्या कपाटात, दोन जाड कोटांच्या मधे मांडला, यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडली आणि माईकलाच जोडलेले हेडफोन कानांवर चढवले. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे तिचं पोटापाण्याचं काम. ब्रँडन गावातल्या त्या छोट्याशा घरात या कपाटालाच ती स्टुडिओ म्हणायची. भर दुपार होती, बाहेर उणे अठ्ठावीस अंश. तरी घरघर नको म्हणून तिने हीटर बंद केला, फ्रिजही बंद केला, आणि तो पुन्हा सुरू करायचा विसर पडू नये म्हणून गाडीची किल्ली नेहमीसारखी त्याच फ्रिजमध्ये ठेवून दिली.

"मॉम, मी पण श्वास बंद करू का?" स्वयंपाकघरातून कॉलीनने विचारलं.

"अर्धा तास कर. तेवढं तरी काम जमेल तुला."

लेक हसली आणि लगेच कळवळली. ओठाचे टाके अजून ओले होते. नवऱ्याला, डार्सीला सोडून ती चार दिवसांपूर्वी आईकडे आली होती. पोलिसांत तक्रार दिली होती, पण तो येणार हे दोघींना माहीत होतं. त्याचं नाव निघालं तरी व्हर्ना हातात असेल ते संतापाने आपटायची.

माईकने किती आवाज ओढायचा ते ठरवणारं बटण तिने मधोमध आणलं. एक ओळ वाचून पाहिली; 'स' कानाला फार टोचत होता. माईक वीतभर मागे सरकवला, जरा तिरपा केला. मग खोलीची शांतता टिपायला ती गप्प बसली.

धप्.

"कॉलीन, काय आपटतेयस?"

"मी? जागची हललेसुद्धा नाही गं."

धप्. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज, आणि मागोमाग कण्हणं. व्हर्नाने बटण कमी केलं. हेडफोनमधला तिचा स्वतःचा श्वास विरत गेला, धपका मात्र तेवढाच राहिला. तिने बटण पार शून्यावर नेलं. तरी... धप्.

हा माईक फक्त आपल्या तोंडासमोरचं ऐकायचा. आवाज येतो तरी कुठून, म्हणून तिने त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. आवाज मंदावला. दाराकडे वळवलं... आणखी मंद. शेवटी स्वतःकडे वळवलं, आणि तो एकदम कानाशी आला.

"बस... बस कर, व्हर्ना. जातो मी..."

डार्सी! तिच्या अंगावर काटा आला. पण त्याला असं गयावया करताना ऐकून तिला बरंही वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली, तरी हेडफोन काढवेनात.

काच फुटली ती मात्र खरीखुरी. कॉलीन किंचाळली. व्हर्ना धडपडत उठली, माईक खाली ओढला गेला आणि त्याची वायर लॅपटॉपमधून उपटली गेली.

डार्सीने मागचं दार फोडलं होतं. कॉलीनचे केस मुठीत धरून तो तिचं डोकं टेबलावर आपटत होता. "घरी चल म्हटलं की निघायचं! कळलं?"

दाराशी बर्फ फोडायची पहार होती. व्हर्नाने ती दोन्ही हातांनी उचलली. पहिल्या घावात त्याचा खांदा मोडला, दुसऱ्यात गुडघा. तो फरशीवर कोसळला.

"बस... बस कर, व्हर्ना. जातो मी..."

तिने शब्द ओळखले. तिथे थांबता आलं असतं. ती थांबली नाही. त्याचं कण्हणं बंद झालं, तरी ती मारत राहिली.

मग कधीतरी घर शांत झालं. कॉलीन भिंतीला धरून कपाटापर्यंत सरकत गेली होती. खाली पडलेल्या हेडफोनमधून काहीतरी ऐकू येत होतं. तिने एक बाजू कानाला लावली.

"मॉम... यात तू अजून मारतेयस."

"वायर निघालीय त्याची. ठेव ते खाली."

"पण आता तो नाही ओरडत..." कॉलीनचा आवाज अगदी बारीक झाला. "ही मी ओरडतेय. 'मॉम, नको' म्हणून..."

व्हर्ना तिच्याकडे गेली. लेकीला पोटाशी धरायचं होतं. पहार मघाशीच टाकून दिल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. पण पहार अजून तिच्या दोन्ही मुठींत होती.